भरतीच्या रेषेखालचा तंबू

विरूपाक्ष सरांचा सूड कसा घ्यावा, याचा विचार नाजिया दसऱ्यापासून करून राहिली होती. कधी वाटायचं, त्यांच्या स्कूटरची हवा सोडावी. पण ते क्लासमधल्या भुजंगनं आधीच करून पाहिलं होतं आणि सरांनी त्याच्याकडूनच पंप मारून घेतला होता. कधी वाटायचं, दहावीला जिल्ह्यात पहिलं यावं आणि पेढे घेऊन सरांच्या दारावरून सरळ पुढं निघून जावं. हा सूड झकास होता, पण त्याला लई वेळ लागणार होता आणि मध्ये अभ्यासही करावा लागणार होता. नाजियाला सूड ताजा पाहिजे होता, गरम जिलेबीसारखा.

झालं होतं असं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. भूकंपानंतर शहरात पत्रा आला तो बसस्टँडपासून औसा रोडपर्यंत पसरला, आणि त्या पत्र्याखाली बाकडी टाकून जो तो डॉक्टर-इंजिनियर घडवायला लागला. विरूपाक्ष सर त्यातले नावाजलेले. त्यांच्याकडे नववीपासूनच फाउंडेशन होतं. ए बॅच पुढच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसायची आणि डी बॅच मागं, सायकल स्टँडला लागून. नाजिया मूळची निलंग्याची, शिकायला लातूरला शकिलाखालाकडे राहायची आणि बी बॅचमध्ये होती. म्हणजे अजून आशा होती.

एके दिवशी सर ए-बी बॅच एकत्र बसवून पेशीभित्तिका शिकवत असताना तिनं हात वर केला. "सर, सुतळी ओली झाली की गाठ घट्ट का होती? सुतळी पण झाडापासूनच होती ना? मग पेशी फुगत्यात का आवळत्यात?"

प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की सरांना उत्तर येत नव्हतं. ते खडू टेबलावर ठेवून हसले.

"तू जिलानी मंडपवाल्याची ना गं? मग तुला पेशी कशाला पाहिजेत? खुंट्या मोज. लग्नसराई आली जवळ."

सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरची सिंधु, सरांची लाडकी, उचकी लागेपर्यंत हसली. आणि पुढच्या सोमवारी नाजियाचं नाव डी बॅचमध्ये गेलं. "शंका फार आहेत, पाया कच्चा," असं सर म्हणाले म्हणे.

खरं तर विषय इथंच संपला असता. नाजिया सायकल स्टँडशेजारी बसून, दात खात, नववी पास झाली असती. पण नांदेडच्या कुठल्या तरी क्लासनं काचेच्या बरण्यांत साप-विंचू ठेवून त्याला 'प्रयोगशाळा' असं नाव दिलं आणि त्यांच्याकडे प्रवेशाला रांग लागली. विरूपाक्ष सरांची झोप उडाली. त्यांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या सुट्टीत ए बॅचचा निसर्ग-कॅम्प जाणार, तोही थेट समुद्रावर. गुजरातच्या किनाऱ्याला एक राष्ट्रीय उद्यान आहे, जिथं जंगल पाण्याखाली असतं आणि ओहोटीला माणसाला चालत जाऊन ते बघता येतं. आणि तंबूंसाठी सर निलंग्याला अब्बांच्या दुकानात येऊन गोड हसले.

अब्बांनी चहा मागवला. "भाडं नको सर. आमच्या पोरीला ए बॅचमध्ये घ्या, बस."

"घेऊ की जिलानीभाई. ती पण येऊ द्या कॅम्पला. आल्यावर पहिल्या दिवसापासून पुढं बसवतो."

ही गोष्ट अब्बांनी तिला इतक्या आनंदानं सांगितली, की सूड घ्यायचा विचार नाजियानं घडी घालून बाजूला ठेवला. ए बॅच. पंखा. मेडिकल. तिला एवढंच पाहिजे होतं. तंबू बसवर चढवताना अब्बा म्हणाले, "वहाँ हवा रहती बेटी. दोहरी गाठ मार. और रस्सी भिगी तो खुलती नै, चाकू रख पास में." भूकंपाच्या वेळी याच तंबूंत त्यांनी किल्लारीकडच्या माणसांना महिनोन्महिने ठेवलं होतं. नाजिया तेव्हा एवढीशी होती, पण खुंटी तिरकी ठोकायची असते हे ती तिथंच शिकली.

बस दोन रात्री चालली. दुसऱ्या रात्री सगळे झोपले असं समजून सर ड्रायव्हरशी बोलत होते. "ती मंडपवाली पोरगी? तंबूंसोबत आणली हो. ए बॅच म्हणजे काय धर्मशाळा आहे? परत गेलो की बापाला सांगायचं, चाचणीत बसली न्हाई म्हणून."

नाजिया मागच्या सीटवर, कनातीच्या गठ्ठ्याला टेकून जागी होती. तिनं सूड पुन्हा उघडला, झटकला आणि अंगावर घेतला.

सकाळी समुद्र दिसला आणि सगळी बस एकाच बाजूच्या खिडक्यांना चिकटली. एवढं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. मांजरा नदी पाहिली होती, तीही बहुतेक वेळा वाळूच.

"हे कुणाच्या वाट्याला जातं रे सगळं?" भुजंग म्हणाला. "आपल्या निलंग्याला एक पाइप टाकला तर?"

"खारं असतं, येड्या," सिंधु म्हणाली.

"मग ऊस न्हाई येणार. सोड."

फाटकावर वनखात्याच्या मॅडम उभ्या होत्या. माहेर धुळ्याचं, त्यामुळं मराठी छान, फक्त अधूनमधून 'चालो' म्हणायच्या. त्यांनी बसमधून बक्षीस समारंभासाठी आणलेला भोंगा, अॅम्प्लिफायर आणि चुलीची लाकडं उतरवून ऑफिसात ठेवून घेतली. सर भोंग्यासाठी भांडायला ऑफिसात गेले, आणि मॅडम मुलांना घेऊन वाळूत उभ्या राहिल्या.

"ऐका. पोवळं म्हणजे दगड नाही, जीव आहे. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, माझ्या पावलामागं पाऊल. दगड उचलला तर जसा होता तसाच ठेवायचा, तीच बाजू वर, कारण खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. काही न्यायचं नाही. रिकामा शंखसुद्धा नाही, उद्या त्यात एखादा खेकडा राहायला येईल. कचरा आपला आपण परत न्यायचा. आणि ती रेष दिसते? सुकलेल्या शेवाळाची, शिंपल्यांच्या चुऱ्याची? समुद्र तिथपर्यंत येतो. रोज दोनदा. तंबू त्या रेषेच्या वर."

"रोज येतो?" भुजंगनं विचारलं. "सुट्टी न्हाई?"

"दिवाळीलाही नाही."

नाजियानं त्या रेषेकडे नीट पाहून घेतलं. मग भोंग्याशिवाय ऑफिसातून बाहेर आलेल्या, लालबुंद सरांकडे पाहिलं.

खात्यानं कॅम्पसाठी दिलेली जागा रेषेच्या वर, पक्क्या इमारतीशेजारी होती. सरांनी त्या इमारतीच्या स्लॅबकडे बघितलं आणि मान हलवली. भूकंपापासून सर स्लॅबखालीच काय, स्लॅबच्या सावलीतही झोपत नसत. लातुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. घराघरात असं एक माणूस असतंच. त्या सप्टेंबरात ज्यांनी भिंती पडताना पाहिल्या, त्यांच्या डोक्यात एकच नियम पक्का बसला होता. भिंतीपासून लांब, झाडापासून लांब, मोकळ्यात झोपायचं.

"पोरांचे तंबू इथं वर लाव," सर नाजियाला म्हणाले. "माझा तिथं." त्यांनी बोट केलं ते खाली, रेषेपासून चांगलं लांब, सपाट, घट्ट, मोकळ्या वाळूवर. "एकदम सेफ जागा आहे. आजूबाजूला काहीच न्हाई पडायला."

नाजियानं तोंड उघडलं. खरं म्हणजे उघडलं. 'सर, मॅडम म्हणाल्या' एवढं तिच्या जिभेवर आलंही होतं.

"बघतीस काय? मंडपवाली ना तू?" सर म्हणाले.

तिनं तोंड मिटलं.

"बरं सर," ती म्हणाली.

तो तंबू तिनं जितक्या प्रेमानं उभारला, तितक्या प्रेमानं तिनं निलंग्यात आमदाराच्या पोराच्या लग्नाचा मंडपही उभारला नव्हता. लाल-पिवळी-निळी कनात, वर झालर. पहिली खुंटी ठोकली तेव्हाच तिच्या टोकाला ओल आली. नाजियानं ती ओल बोटानं पुसली आणि बोट चाखून बघितलं. खारट. एवढं गोड तिनं कधी काही चाखलं नव्हतं. पण माणूस मारायचा नव्हता. म्हणून मागच्या बाजूच्या खुंट्या तिनं सैल ठेवल्या, खालून सरपटत निघता येईल एवढ्या.

मग सगळे मॅडमच्या मागं, एका रांगेत, समुद्राच्या तळावर चालत गेले. पाणी खरंच मागं गेलं होतं, इतकं लांब की दिसेना. आणि जिथं ते सकाळी होतं तिथं डबकी होती, आणि प्रत्येक डबक्यात कुणी ना कुणी राहत होतं. एक स्टारफिश पाच हात पसरून दुपारच्या शकिलाखालासारखी पडली होती. एक काळी समुद्रकाकडी, नाव काकडीचं पण जीव प्राण्याचा, नुसती होती, दुसरं काहीच करत नव्हती. एका दगडाखाली ऑक्टोपस होता. मॅडमनी बोट दाखवलं तरी तो दिसेना, मग त्यानं रंग बदलला आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. नाजिया वाकून बघत राहिली. तिच्या डोक्यातून सर, सिंधु, ए बॅच, सगळं पार निघून गेलं. अशी गोष्ट जगात आहे आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याचा तिला नवाच राग आला.

मग रांगेच्या शेवटी कुजबुज ऐकू आली.

"पटकन उचल. मॅडम पुढं आहेत," सर सिंधुला म्हणत होते. "एकेकानं एक स्पेसिमेन. डब्यात टाका. आपल्याला बरण्या भरायच्यात, नांदेडवाल्यांची जिरवायचीय."

सिंधुचा हात थांबला. "सर, ते जिवंत आहे."

"म्हणून तर चांगलं राहील. आज फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की वीस वर्षं बघायचं न्हाई."

सिंधुनं उचललं. आणखी चौघापाचांनी उचललं. भुजंगनं एक रिकामा शंख उचलला, कानाला लावला, परत ठेवला आणि म्हणाला, "यात कुणी येणार आहे, सर. बुकिंग आहे."

दुपारी परत आल्यावर सरांनी गादी टाकायला नाजियाला तंबूत बोलावलं. कोपऱ्यात निळी बादली होती. तिच्यात थोड्याशा पाण्यात ते सगळे एकमेकांवर पडले होते. वरची स्टारफिश एक हात हळूहळू वळवत होती. शेजारी बरण्या, आणि फॉर्मॅलिनचा कॅन.

"बघायचं न्हाई तिकडं. आणि हे बघ, बाहेरून कनात गच्च बांध. त्या बाई डोकावतील. मी जरा पडतो, संध्याकाळी हाक मारली की उघड."

बाहेर ऊन होतं. पन्नास पावलांवर मॅडम जेवून हात धूत होत्या. नाजियानं तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर काम झालं असतं. बादली परत गेली असती, सरांना गपचूप दम मिळाला असता, आणि सर ऑफिसातून बाहेर येऊन म्हणाले असते, 'गैरसमज झाला.' गपचूप. नाजियाला गपचूप नको होतं. तिची इज्जत काही गपचूप गेली नव्हती.

तिनं कनातीचे दोन पल्ले जुळवले आणि सुतळीनं वरपासून खालपर्यंत बांधत आली. दोहरी गाठ. आवळून. चाकू खिशात होता, तो तिनं खिशातच राहू दिला. मग वर जाऊन, बाभळीच्या सावलीत बसून, ती समुद्राकडे बघत राहिली.

समुद्र आला तो अगदी सभ्यपणे. लाट नाही, आवाज नाही. लांब एक चकाकती पट्टी दिसली, मग ती पट्टी जवळ आली, मग वाळूतल्या खळग्या भरल्या. पाणी तंबूच्या भोवती फिरून गेलं, जसं एखादं कुत्रं नवीन माणसाला हुंगून जातं. मग आत शिरलं.

"अगं," सिंधु तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. "अगं, सरांचा तंबू."

"हाय की."

"पाण्यात चाललाय."

"तंबू कुठं चाललाय? पाणी चाललंय."

"नाजिया, सर झोपलेत आत. बुडतील ना."

"घोट्याएवढं पाणी हाय. बुडत न्हाईत. भिजतात."

भुजंगनं सगळ्या पोरांना हाका मारल्या आणि ए बॅच रेषेवर ओळीनं उभी राहिली, प्रार्थनेला उभी राहावी तशी. आतून आधी काहीच आलं नाही. मग एक आवाज आला, गादी ओली झालेल्या माणसाचा. आणि मग जे आलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"हालतंय! जमीन हालून राहिली! पळा!"

कनात आतून धडपडायला लागली. सर गाठी ओढत होते, आणि भिजलेली सुतळी बोटाएवढी टणक झाली होती. "उघड! कोण हाय बाहेर? उघड!"

पोरं हसायला सुरुवात करणार होती, पण त्या आवाजानं थांबली. लातूरच्या पोरांना तो आवाज घरातून माहीत होता. हे तिनं मागितलं नव्हतं. ती खाली धावली, घोट्याच्या वर आलेल्या पाण्यात शिरली आणि ओरडली, "सर, भूकंप न्हाई! पाणी हाय! मागून या, खालून, मागची बाजू सैल हाय!"

मग मागच्या कनातीखालून आधी हात आले, मग टक्कल, मग बनियन, आणि मग चार पायांवर रांगत, तोंडात वाळू घेऊन, लुंगी एका हातानं धरून विरूपाक्ष सर समुद्रातून बाहेर आले. त्यांच्या मागून पाण्याबरोबर बादलीही उलटी होऊन बाहेर आली. आणि बरण्या, एकामागून एक, तरंगत.

आता मात्र भुजंग हसला. त्याच्या मागून सगळे हसले. सिंधुला उचकी लागली. नाजिया हसली नाही, तिनं नुसतं बघून घेतलं, पोटभर, डोळे भरून. भीती भूकंपाची होती, ती सरांची त्यांना राहू दे. बाकी सगळं तिचं होतं.

आरडाओरड ऐकून आलेल्या मॅडम पाण्यात वाकून, सांडलेला जो जीव दिसेल तो ओंजळीत घेऊन बादलीत टाकत होत्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा दुसराच होता.

"हे कुणी उचललं?"

सरांनी लुंगी घट्ट केली आणि गळा साफ केला. "मॅडम, लेकरं आहेत. पहिल्यांदा समुद्र बघितला. खेळत-खेळत उचललं असेल. मी समज देतो." मग त्यांनी नाजियाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विचारा की हिला. ही आमची नाजिया, आमच्या ए बॅचची हुशार मुलगी. सोमवारपासून पहिल्या बाकावर. हो ना गं? पोरांनीच उचललं ना?"

हवं होतं ते सगळं तिच्यापुढं पडलं होतं. पंखा, पहिला बाक, अब्बांचा आनंदानं फुललेला चेहरा. सर बोलले होते तेही सगळ्यांसमोर, आता त्यांना मागं फिरता येणार नव्हतं. नुसती मान हलवायची होती. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की तिनं खरंच एक श्वासभर विचार केला.

"पोरांनी उचललं," नाजिया म्हणाली. सरांचे खांदे खाली आले. "सरांनी उचलायला लावलं. एकेकानं एक, असं सांगून. तंबूत फॉर्मॅलिनचा कॅन हाय, तो अजून बाहेर आला न्हाई. तो आधी काढा, सांडला तर सगळंच मरेल."

मॅडमनी खात्याची दोन माणसं तंबूकडे पिटाळली. सर तिच्याकडे बघत होते.

"डी बॅचमध्ये पण राहायचं न्हाई तू," ते दातांतून म्हणाले.

"बरं सर," नाजिया म्हणाली.

"मी पण उचललं मॅडम," मागून सिंधु म्हणाली, रडवेल्या आवाजात. "सरांनीच सांगितलं. खरंय."

मग पंचनामा सुरू झाला. कॅम्प रद्द. सगळ्या ग्रुपनं आजच निघायचं. उद्याची मोठी ओहोटी, जिच्यात मॅडम लांबचं पोवळं दाखवणार होत्या, ती गेली. पोरं कुरकुरली. भुजंग म्हणाला, "सूड घ्यायचा तर परवा घ्यायचा होता ना गं, ऑक्टोपस तरी परत बघितला असता." नाजियाला ते लागलं, कारण तिलाही तो परत बघायचा होता.

मॅडमनी बादली तिच्यापुढं ठेवली. "तू कधी पाहिलंस हे?"

नाजियाला खोटं बोलता आलं असतं. "दुपारी. तुम्ही हात धूत होतात तेव्हा."

मॅडमनी बादलीतून स्टारफिश उचलून तिच्या तळहातावर ठेवली. दुपारी हात वळवणारी तीच. आता पाचही हात ढिले होते, भिजलेल्या दोरीच्या अगदी उलटे. नाजियानं थांबून पाहिलं. थांबून आणखी पाहिलं. ती हलली नाही.

"तेव्हा सांगायचं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. मग बादलीकडे बोट केलं. "बाकीचे जगतील. उथळ पाण्यात, दगडाच्या सावलीत, एकेक करून सोड. फेकायचं नाही. हे सगळे नीट जाईपर्यंत तुमच्यातल्या कुणालाही जागेवरून हलायचं नाही. सरांनाही नाही."

सरांची बॅग, कपडे, सगळं तंबूत होतं आणि तंबू अजून पाण्यात होता. सर वाळूवर उभे होते, ओल्या लुंगीत, ओल्या बनियनमध्ये, आणि संध्याकाळचं वारं सुटलं होतं. समोर ओळीनं ए बॅच उभी होती, आणि त्यांना बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

नाजियानं मेलेली स्टारफिश एका बाजूला, कोरड्या शेवाळावर ठेवली. पुढच्या वेळी आधी सांगायचं, मग सूड, असं तिनं स्वतःला बजावलं. पुढच्या वेळी सूड नको, असं काही तिच्या मनात आलं नाही.

मग तिनं बादलीत हात घातला. पहिली आली समुद्रकाकडी. नाजिया तिला ओंजळीत घेऊन पाण्यात शिरली, चांगला दगड शोधला, तो तिला आवडला नाही, दुसरा शोधला. तिथं अलगद सोडलं आणि ती तळाला टेकेपर्यंत वाकून बघत राहिली. मागं सरांना शिंक आली. नाजिया परत आली, पुढचा खेकडा घेतला आणि पुन्हा, सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत पाण्याकडे निघाली.